शुद्धीवरचा माणूस

धक्क्यावर त्यांना सगळे कोरडेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एखादं नवीन गिऱ्हाईक अदबीनं 'कोरडेसाहेब' अशी हाक मारायचं, तेव्हा तिकिटाच्या खिडकीतली बाई तोंडावर हात धरून हसायची. नाव पडलं ते एवढ्यासाठी, की हा माणूस दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता आणि त्याच गोष्टीचा त्याला पगार मिळायचा. कुणाला गाण्याचा पगार मिळतो, कुणाला ओझी उचलण्याचा. काकांना न पिण्याचा मिळायचा. ऐकायला मजा वाटते, पण करून बघा म्हणावं एक रविवार!

नदी तिथं रुंद आणि आळशी आहे. शहरातून गाडीनं निघालं की तासाभरात पाण्यात पाय. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर ही झुंबड. पूर्वी बोट भाड्यानं घ्या आणि तुमची तुम्ही चालवा, असा मामला होता. मग एका टोळक्यानं भरदुपारी, लख्ख उन्हात, बोट नेऊन सरळ पुलाच्या खांबावर आपटली. खांब काही जागचा हलला नव्हता, पण चालवणारा शपथेवर सांगत होता की खांबच मध्ये आला. दोघांचे हातपाय मोडले, मालकाच्या तोंडचं पाणी पळालं आणि दुसऱ्याच दिवशी नियम निघाला. सुकाणूवर माणूस आपलाच हवा आणि तो शुद्धीवरचा हवा. आता आली का पंचाईत? धक्क्यावर बोटवाले होते दोघं, आणि गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या बाटल्यांची विल्हेवाट लावण्यात दोघेही तरबेज. मालकाची नजर फिरत फिरत इंजिनदुरुस्तीच्या शेडकडे गेली. तिथं ग्रीसनं माखलेल्या हातांनी काका एका इंजिनाचं पोट उघडून बसले होते.

"तुम्ही घेत नाही ना?" मालकानं विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"एकदा घेतली होती. दोन दिवस ओकत होतो."

"झकास! उद्यापासून सुकाणूवर," मालक म्हणाले.

ती 'एकदा'ची गोष्ट काकांच्या तरुणपणातली. शेडमधल्या जोडीदारांनी गळ्याची आण घालून पाजली आणि नंतर काकांना कुशीवर झोपवून रात्रभर बादली धरून बसावं लागलं त्यांना. पुढे त्यांनी आग्रह सोडला. हळूहळू बोलावणंही सोडलं. वाईटपणा कुणीच घेतला नाही, पण बैठकीत एक न पिणारा असला की बाकीच्यांना आपलाच आवाज ऐकू यायला लागतो, आणि ते कुणाला आवडतं? काकांना एवढंच कळलं की संध्याकाळी शेडला कुलूप लागलं की सगळे डावीकडे जातात आणि आपण उजवीकडे. उजवीकडे घर होतं, घरात बायको होती, आणि ती तोंडानं फटकळ, बोलायला लागली की दोन माणसांचं एकटीच बोलायची. म्हणून तेव्हा काही कमी पडलं नाही.

बायको गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. लेक लग्न करून लांबच्या गावी गेली. काका शेडच्या वरच्या एका खोलीत राहायला आले. खोलीत एक खाट, एक शेगडी, भिंतीला दोन खिळे आणि नदीकडे उघडणारी खिडकी. लेक दर सोमवारी फोन करायची. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "तब्येत?" "ठणठणीत." मग पलीकडे कुकरची शिट्टी व्हायची किंवा जावई काहीतरी विचारायचे, आणि लेक म्हणायची, "ठेवू का मग?" काकांनी कधी 'नको' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं फोन ठेवल्यावर दरवेळी वाटायचं.

राहिला रविवार. रविवारी माणसं भरपूर! पण कसली माणसं? सकाळी बोटीत चढताना सगळे कसे नीटनेटके, 'काका, जरा हात देता का', 'काका, आभारी आहे'. दोन ग्लास पोटात गेले की तीच माणसं छतावर चढून नाचायची, मासेमारी करणाऱ्यांना आरोळ्या ठोकायची, दुसऱ्या बोटीवर बर्फाचे खडे मारायची, त्यांनी उलट बाटली भिरकावली की 'आमच्या अंगावर येतोस काय' म्हणून बाह्या सरसावायची. दोन बोटी शेजारी आल्या की एकीतून दुसरीत उड्या. लाइफ जॅकेट घाला म्हटलं की 'काका, पोहण्यात मेडल आहे आपल्याला', आणि मेडलवाल्याला दोन पायऱ्या धड उतरता यायच्या नाहीत. संगीत तर असं, की काठावरची पाखरं इकडची झाडं सोडून पार तिकडच्या झाडांवर जायची. नदीनं यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे!

आणि तिसऱ्या ग्लासानंतर रडणं. ते सगळ्यात वाईट. कुणीतरी येऊन काकांच्या शेजारी बसायचं, गळ्यात हात टाकायचं आणि आयुष्यातलं सगळं ओकून मोकळं व्हायचं. भावानं बोलणं टाकलंय, बायको माहेरी गेलीय, साहेब छळतो. "काका, तुम्ही मला वडिलांसारखे!" असं म्हणून हात घट्ट धरायचं. काका एका हातानं सुकाणू सांभाळत सगळं मनापासून ऐकायचे. घरी जाऊन त्या माणसाची काळजी करायचे. पुढच्या खेपेला तोच माणूस यायचा आणि ओळख नाही की पाळख नाही, "ओ, बोट कुठली आमची?" असं विचारून पुढे. पहिल्या काही वेळा काकांना फार लागलं. मग त्यांनी मनाशी ठरवलं की ही माणसं आपल्याशी बोलत नाहीत, सुकाणूशी बोलतात.

कामाला मात्र ते पक्के होते. बोटीत चढताना बूट-चपला काढून एका खोक्यात ठेवायला लावायचे, कारण दारू प्यालेला माणूस बुटासकट ओल्या फळीवर घसरला की दात पडलेच म्हणून समजा. जो सगळ्यात जास्त आरडाओरडा करेल त्याला भोंगा वाजवायचं काम द्यायचे, म्हणजे तो जागेवर बसून राही. आणि निघताना, बेटावरून परतताना, धक्क्याला लागण्याआधी, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचे. स्वतः नेहमी सगळ्यात शेवटी चढायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या बोटीतून कुणी मागे राहिलं नव्हतं. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि दुसरं अभिमान धरण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतही नव्हतं.

त्या दिवशी कुठल्याशा कचेरीतली बारा माणसं आली. पाच बाया, सात पुरुष. त्यांत एक मिशीवाला होता, पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांचा म्होरक्या. एक बॉबकट केलेली बाई होती, हसरी, जिभेला हाड नसलेली. आणि एक चष्मेवाला होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की बारा माणसं बोटीत बसल्यावर तो नेमका दोन घोळक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसला आणि दोन्हीकडच्यांच्या पाठी त्याच्याकडे झाल्या.

बोट निघाली, बाटल्या उघडल्या. चष्मेवाल्याच्या हातातही ग्लास होता. सगळे प्यायले की तोही ओठाला लावायचा, सगळे हसले की तोही हसायचा, फक्त जरा उशिरा. काकांनी सुकाणूसमोरच्या आरशात पाहिलं, तर त्यानं हळूच ग्लास बोटीबाहेर धरला आणि पाण्यात रिकामा केला. तेवढ्यात आरशात दोघांची नजरानजर झाली. चष्मेवाला एकदम गोरामोरा झाला. काकांनी मान वळवली आणि न पाहिल्यासारखं केलं. पण त्यांना आतून बरं वाटलं. म्हटलं, आहे आपल्यातला एक.

वळणापलीकडे नदीच्या मध्यावर वाळूचं बेट आहे. एका टोकाला झुडपं, दुसऱ्या टोकाला बोटींसाठी रोवलेला लोखंडी खांब. दुपारी तिथं जेवायला उतरायचं आणि संध्याकाळच्या आत निघायचं, हा रिवाज. कारण वरच्या धरणातून संध्याकाळी पाणी सोडतात, आधी धरणाचा भोंगा वाजतो, आणि मग बघता बघता बेट पाण्याखाली जातं. काकांनी उतरताना सगळ्यांना हे सांगितलं. दोघांनी ऐकलं, बाकीच्यांनी 'हो काका' म्हटलं.

काकांनी आपला डबा काढला आणि नेहमीप्रमाणे बोटीतच, वाळूकडे पाठ करून बसले. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच बॉबकटवाली पाण्यातून फताफता चालत आली.

"अहो काका, इथं काय बसलाय रुसलेल्या जावयासारखे? चला वर!"

"नको ताई, तुमचं चालू द्या. माझं मी..."

"माझं मी काय? चला म्हणते ना!" आणि तिनं डबाच उचलून नेला. डबा गेला म्हटल्यावर माणूस काय करणार? मागोमाग गेले.

त्यांना गोल करून मध्ये जागा दिली. कुणी ताटलीत अंडी वाढली, कुणी फळं कापून दिली. मिशीवाल्यानं ग्लास पुढे केला, काकांनी दोन बोटांनी ढकलला, तर तो रागावला नाही. "बरोबर आहे! काका प्याले तर आपण सगळे वर!" असं म्हणून त्यानं काकांच्या ग्लासात साधं पाणी ओतलं आणि सगळ्यांनी आपापले ग्लास त्यावर आपटले. मग बॉबकटवालीनं विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?"

साधा प्रश्न. पण बोटीवर आजवर कुणी विचारला नव्हता. काकांनी बायकोचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. बायको कशी फटकळ होती ते सांगताना तिची नक्कल केली आणि सगळे खो खो हसले. मग त्यांना कंठच फुटला. पुलाच्या खांबाची गोष्ट सांगितली. एका गिऱ्हाइकाची कवळी नदीत पडली आणि त्यानं मासेवाल्याशी भांडण काढलं, ती गोष्ट सांगितली. बॉबकटवाली हसता हसता वाळूत आडवी झाली. मिशीवाला म्हणाला, "काका, तुम्ही आमच्या कचेरीत या हो! तिथं एकाला तोंड उघडता येत नाही!" काकांचे कान तापले, गाल तापले. कधी नव्हे ते त्यांना चढली होती, थेंबही न पिता.

कवळीची गोष्ट ऐन रंगात असताना चष्मेवाला ताटली घेऊन उठला आणि झुडपांच्या पलीकडे निघून गेला. कुणी त्याला हाक मारली नाही. काकांनी पाहिलं. एरवी असा एकटा निघालेला माणूस त्यांनी नजरेच्या टप्प्यातून सुटू दिला नसता. 'फार लांब जाऊ नका साहेब' म्हणून ओरडले असते. पण बाकीचे 'मग? मग काय झालं?' म्हणून विचारत होते, आणि 'मग काय झालं' असं काकांना कुणी विचारून किती काळ लोटला होता! त्यांनी तोंड वळवलं आणि गोष्ट पुरी केली.

धरणाचा भोंगा झाला. काका उठून ओरडायला लागले, पण आज ते नेहमीसारखे काठावर उभे राहून एकेकाला चढवू शकले नाहीत. एका बाजूनं मिशीवाला, दुसऱ्या बाजूनं आणखी एक, दोघांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकले आणि 'आमचे काका, आमचे काका' करत त्यांना वरातीसारखं बोटीत आणलं.

"थांबा, थांबा! मोजायचं राहिलं," काका म्हणाले.

"मोजा रे!" मिशीवाल्यानं आरोळी ठोकली. "आपापला नंबर बोला!"

एक! दोन! तीन! प्रत्येकजण आधीच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागला. कुणी गाऊन दाखवला, कुणी किंचाळून. सातावर क्षणभर अडखळलं आणि बॉबकटवालीनं काकांच्या पाठीत गुद्दा घातला, "काका, बोला की तुमचा!"

"आठ!" काका ओरडले. चांगला खणखणीत आवाज लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नऊ, दहा, अकरा, आणि शेवटच्यानं भोंग्यावर हात दाबून धरत "बारा!"

बारा आले, बारा निघाले. काकांनी इंजिन सुरू केलं.

येताना ते सगळ्यांबरोबर गात होते, धक्क्याआधीची मोजदाद गाण्यातच राहून गेली. धक्क्यावर त्यांना मिठ्या पडल्या. बॉबकटवाली म्हणाली, "काका, पुढच्या खेपेला तुमच्याच बोटीतून हं!" मंडळी तीन गाड्यांत बसली. कोण कुठल्या गाडीत, यावरून थोडी ढकलाढकली झाली, दारं धडाधड लागली आणि गाड्या गेल्या. तिकिटाची बाई खिडकी लावून निघून गेली. काका एकटेच बोट धुवायला लागले. फळीवर सांडलेलं पुसताना ते त्याच गाण्याची ओळ पुन्हा पुन्हा गुणगुणत होते. सोमवारी लेकीला काय काय सांगायचं ते त्यांच्या मनात जुळत होतं. उद्या 'ठेवू का' म्हणाली तर 'थांब गं जरा' म्हणायचं, असंही ठरलं.

खोकं रिकामं करायला उचललं तर तळाशी एक जोड राहिला होता.

आता दारुडे काय विसरत नाहीत? चष्मे विसरतात, घड्याळं विसरतात, एकजण तर सासूलाच धक्क्यावर विसरून गेला होता. काकांनी बूट उचलून बाजूला ठेवले आणि त्यांचा हात थांबला. दोन्ही बुटांत मोज्यांच्या नीट घड्या घातलेल्या होत्या. एका मोज्याखाली फोन ठेवलेला. इतक्या व्यवस्थित माणसाला बूट विसरणं जमायचं नाही. आणि त्यात तो प्यालेलाही नव्हता, हे काकांइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं?

काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मिशीवाला एक, त्याचा जोडीदार दोन... आठवर आले. आठ कोण ओरडलं? आठ कोण होतं?

ते तसेच सुकाणूकडे धावले.

मग मात्र त्यांना काही आठवत नाही. दोर सोडला की तोडला, कुणास ठाऊक. बोट वळणाकडे निघाली तेव्हा उजेड उतरत होता आणि पाणी चढत होतं. काठाजवळचे दगड, जे येताना उघडे होते, ते दिसेनासे झाले होते. इंजिन जेवढं ओढेल तेवढं काका ओढत होते आणि मोठ्यानं स्वतःला शिव्या देत होते. "अरे गाढवा, अरे नालायका, एक माणूस तुझ्यासारखा मिळाला होता आणि त्यालाच टाकून आलास! कशासाठी, तर चार माणसं हसली म्हणून!" त्यांनी भोंगा दाबून धरला. फोन बुटात होता, म्हणजे त्या माणसाकडे हाक मारायला घशाशिवाय काहीच नव्हतं.

वळण संपलं. बेट नव्हतं. जिथं बेट असायचं तिथं नुसतं पाणी चकाकत होतं, झुडपांचे शेंडे हलत होते आणि लोखंडी खांबाला एक माणूस मिठी मारून उभा होता. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं.

"हलू नका! आलो, आलो!" काका ओरडले.

त्यांनी बोट प्रवाहाच्या वरच्या बाजूनं आणून खांबाला अलगद टेकवली आणि त्याला काखेत हात घालून वर ओढला. वर आल्यावरही त्यानं काकांचा सदरा सोडला नाही. त्याचे दात वाजत होते. चष्मा नाकावर तसाच होता, दोरीनं बांधलेला. काकांनी आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकली, आणि मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

"झोप लागली होती," तो जरा वेळानं म्हणाला. "जाग आली तोवर बोट लांब गेली होती. ओरडलो. गाणी चालू होती तुमची. मला पोहता येत नाही."

काकांनी बोट वळवली. थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला, अगदी हळू.

"काका, कुणाच्या लक्षात आलं? मी नाही म्हणून?"

काकांनी आरशात पाहिलं. तो माणूस पुढे झुकून बसला होता. जीव वाचला त्याचं जेवढं त्याच्या तोंडावर नव्हतं, तेवढं या प्रश्नाचं होतं.

"सगळ्यांच्याच!" काका बोलून गेले.

"खरं?"

"मग! नुसती बोंबाबोंब धक्क्यावर. ते मिशीवाले तर पाण्यात उडीच टाकत होते, मी धरलं म्हणून."

"तो?" चष्मेवाला चक्क हसला. दात वाजत असतानाच हसला. "मला वाटायचं त्याला माझं नावही माहीत नसेल. आणि त्या? केस कापलेल्या?"

"त्या रडत होत्या."

"अरेरे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज उजळला. मग तो बोलायलाच लागला. कचेरीत त्याचं टेबल कसं जिन्याखाली आहे, डबा खायच्या वेळी तो कसा मुद्दाम उशिरा जातो म्हणजे कुणाला सरकून जागा द्यावी लागत नाही, आज यायचं नाही असंच ठरवलं होतं पण वर्गणी सगळ्यांची घेतली तशी त्याचीही घेतली, म्हणून आला. "आपणच मनात धरून बसतो हो काका. माणसं वाईट नसतात."

"नसतात," काका म्हणाले.

वळण आलं तसा काकांनी इंजिनाचा वेग कमी केला. मग आणखी कमी केला. धक्का दिसायला लागला तेव्हा बोट जवळजवळ वाहतच चालली होती. काकांना वाटत होतं, धक्का आज कुठेतरी लांब निघून जावा. पण धक्के कुठे जातात?

धक्क्यावर एक दिवा जळत होता. गाड्यांच्या जागी चाकांच्या खुणा होत्या. चष्मेवाल्याचं बोलणं मध्येच थांबलं.

दोघं उतरले. तो पायरीवर बसला. काकांनी बूट आणून त्याच्यापुढे ठेवले. त्यानं मोजा उचलला, फोन काढला, ओल्या अंगठ्यानं दोनदा दाबला आणि बघितलं. एकही फोन आलेला नव्हता. त्यानं फोन उलटा करून पायरीवर ठेवला आणि मोज्यांची घडी उलगडायला लागला.

"निघताना तुम्ही मोजता ना, काका?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मोजतो."

"आज?"

"आजही मोजले. बारा भरले." काकांनी हात जोडले. "आठवा नंबर मी बोललो."

चष्मेवाल्यानं मान वर करून काकांकडे पाहिलं. त्यानं आता आरडाओरडा करावा, चार थोबाडीत माराव्यात, मालकाकडे खेचत न्यावं, असं काकांना मनापासून वाटत होतं. ते हात जोडून उभेच होते.

"म्हणजे माझ्या जागी तुम्ही होतात," तो म्हणाला.

"हो."

तो पुन्हा वाकला. एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्याची बांधली.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

रागानं नाही. टोमणा नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. काकांनी माफी मागण्यासाठी तोंड उघडलं, चुकलो म्हणणार होते, पुन्हा असं होणार नाही म्हणणार होते, पण आजच्या दिवसात एकदा खोटं बोलून झालं होतं.

"फार छान वाटलं हो," ते म्हणाले, आणि भर धक्क्यावर त्यांना रडू फुटलं.

"वाटत असणार," चष्मेवाला म्हणाला. "मी लांबून बघतो ना रोज."